धवल्यातली थांबायची जागा

निकेश गोधड्या आणायला पनवेलला गेला होता. तुळशीरामआबांनी गोष्ट सुरू केली ती इथून.

निशाच्या हळदीची रात्र होती. पोलिसांची गाडी येऊन गेली, डीजे बंद झाला, आणि सगळ्या कोन गावाला एकदम हायवे ऐकू यायला लागला. मांडवाच्या मागे जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, तिथे आम्ही चारपाच जण बसलो होतो. हृतिकने विचारलं, "आबा, आगरी लग्न आणि धवला नाही? हिची आजी तर धवलारीण होती ना?"

धवलारीण म्हणजे लग्न गाण्यातून लावणारी बाई. हळद, तेल, मांडव, प्रत्येक विधीचा धवला वेगळा. तिने आवाज काढला की काम पुढे सरकायचं, नाहीतर भटजीसुद्धा बसून राहायचा. निशाची आजी गंगाबाई ही आमच्या भागातली शेवटची.

"हलू बोल," आबा म्हणाले. "पोरगी आत हाय. ऐकंल."

मग त्यांनी सांगितलं. बाळूशेठ आबांचा लहानपणापासूनचा दोस्त, त्यामुळे सांगताना आबा जागोजागी त्याला सांभाळून घेत होते. मी लिहिताना घेतलेलं नाही.

निकेश हा बाळूशेठचा धाकटा मुलगा. जमीन गेली, पैसा आला, पैशाचं तीन मजली घर झालं. तिसरा मजला रिकामा, कारण बाळूशेठला मजले हवे होते, त्यात राहायला माणसं आहेत की नाहीत हा विचार त्याचा नव्हता. निकेशने कॉलेज सोडलं तेव्हा आमच्याकडे जे सांगतात तेच त्याला सांगितलं गेलं, डंपर चालव. तो वरच्या मजल्यावर गेला आणि एका खोलीत माईक मांडून बसला. हळदीची गाणी, रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती, असलं रेकॉर्डिंग तो करायचा. हायवेला लागून असलेल्या घरात आवाज रेकॉर्ड करणं म्हणजे भर बाजारात झोप काढण्यासारखं आहे. पण त्याला ते जमत होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि गंगाबाईने स्वतःच निरोप पाठवला. निशाचं लग्न माघात ठरलं होतं. म्हातारीचा आवाज बसत चालला होता आणि धवला शिकायला गावातली एक पोरगी तयार नव्हती. मी माघापर्यंत राहिले नाही तर नातीच्या मांडवात निदान माझा आवाज तरी असावा, एवढं तिचं म्हणणं. गंगाबाई ही बाळूशेठची सख्खी आत्या, गावातच दिलेली. म्हणजे निकेशचीही आजीच.

म्हणून तो गोधड्या आणायला गेला. पनवेलच्या बाजारात जुन्या साड्यांच्या जाड गोधड्या मिळतात, त्या त्याने स्कूटरवर बांधून आणल्या आणि खोलीच्या चारी भिंतींना टांगल्या. खिडकीला दोन लावल्या. पंखा बंद. ट्यूबलाईट बंद, कारण ती गुणगुणते. खाली जाऊन फ्रिजसुद्धा बंद केला, तेव्हा त्याची आई ओरडली, "माझी कोलंबी वितळली तर तुला गायला लावीन!"

गंगाबाई दम खात तीन जिने चढून आली, आणि खोली बघून हसायलाच लागली.

"काय रं, बालंतिनीची खोली केलीस का काय?"

"आजी, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून."

"बाहेरचा येऊ नये? आनि आपला बाहेर नाय गेला तर लगीन लागलंय ता कलंल कुनाला?"

निकेशने तिला माईकसमोर बसवलं. माईकची पाठ त्याने हायवेच्या बाजूला केली आणि तिला समजावलं, हा समोरचं ऐकतो, पाठीमागचं याला ऐकू येत नाही.

"मंग आपल्या बाळूचा भाऊच म्हनायचा," म्हातारी म्हणाली.

आवाजाची कळ त्याने कमी ठेवली आणि तिलाच माईकच्या जवळ सरकवलं. गाणाऱ्याचं तोंड जवळ असलं की बाकीचं जग आपोआप लांब जातं, हे त्याचं साधं शास्त्र. शेवटी म्हणाला, "आता थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. आधी नुसत्या रिकाम्या खोलीचा आवाज घेतो. मग कॉम्प्युटरला सांगायचं, हा आवाज सगळीकडून वजा कर."

"रिकामी म्हनतंस," गंगाबाई म्हणाली. "इचारलंस का कुनाला?"

आणि ती गायली. आवतणाचा धवला. लग्नाआधी घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं, तो. मांडव घातला, ये रं, आणि मग नाव. नाव घेतलं की ती थांबायची, एक श्वास जाईल एवढी. मग पुढचं नाव. सासू, सासरा, दीर. आणि नवरा, विठू. विठू जाऊन बरीच वर्षं झाली, पण जिवंतपणी काय किंवा नंतर काय, नवऱ्याचं नाव या बाईने कधी तोंडाने घेतलं नव्हतं. फक्त धवल्यात घ्यायची. तिथे घ्यावंच लागतं.

निकेशने नंतर विचारलं, "आजी, मध्ये मध्ये थांबतेस, दम लागतो का? ते मला जोडता येईल."

"जोडू नको. ती जागा माझी नाय. ज्याचं नाव घेतलं त्याची हाय. त्यानं तिथं ओ द्यायाची. ओ दिली का तो आला." मग म्हणाली, "आनि आखरीचं कडवं कापू नको. त्याच्यात त्यांना परत पाठवलंय. बोलवून पाठवलं नाय तर बसून रातील."

एकच अट घातली तिने. हा आवाज निशाच्या मांडवात एकदा वाजवायचा आणि पुसून टाकायचा. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. निकेशने तिच्या हातावर हात ठेवला. आमच्याकडे यापेक्षा मोठा कागद नाही.

त्याने शब्द पाळला. हायवे काढला, खोली काढली, पण थांबायच्या जागा होत्या तेवढ्याच ठेवल्या. फाईल कॉम्प्युटरमध्ये ठेवून दिली, कुणाला ऐकवलीसुद्धा नाही.

शब्द मोडला बाळूशेठने.

आबा इथे म्हणाले, "चूक होते मानसाच्यान." चूक कसली? निकेश दोन दिवस कामासाठी अलिबागला गेला होता. बाळूशेठने पुतण्याला वर नेलं, फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि उरणकडच्या एका डीजेवाल्याला दिली. पैशासाठी नाही. पैसा होता. ज्या बिल्डरला तो रेती पुरवायचा त्याच्या पोराची हळद होती, तिथे त्याला मिरवायचं होतं. आमच्या घरचा आवाज आहे शेठ, ओरिजनल. एवढ्यासाठी.

डीजेवाल्याने बीट टाकला. थांबायच्या जागा ठेक्यात बसेनात, त्या कापल्या. शेवटचं कडवं लांबलचक होतं, तेही उडवलं.

आणि त्या लग्नाची वरात आली कोनमधूनच. गंगाबाई दारात सूप घेऊन जवळा निवडत होती. टेम्पो वळणावर आला. आधी नुसता दणका. मग त्याच्यावर तिचा स्वतःचा आवाज. ये रं विठू, ये रं विठू, ये रं विठू. एकदा घेतलेलं नाव कापून दहादा चिकटवलेलं. बाटल्या डोक्यावर घेतलेली पोरं त्या नावावर नाचत होती, ओरडत होती. ओ द्यायला कुणालाच जागा नव्हती.

निशा शेजारी बसली होती. ती सांगते, आजीने सूप खाली ठेवलं, जवळा नीट झाकला, डोक्यावर पदर घेतला आणि चालायला लागली. थेट बाळूशेठच्या घरी.

बाळूशेठ झोपाळ्यावर होता. तिला बघून उठला. आणि तिने काही विचारायच्या आतच म्हणाला, "आत्या, मी सांगितलेला त्याला. नको देऊ म्हनून. पन आजकालची पोरं ऐकतात का?"

 म्हातारी एवढंच म्हणाली, "त्यानं हात दिलेला."

परत गेली. अंथरूण धरलं. आठवड्याभरात गेली.

निकेशला यातलं काही माहीत नव्हतं. अलिबागहून आला तर आजी आजारी, भेटायला गेला तर निशाने दार उघडलं नाही. त्याला वाटलं, दुखण्यामुळे असेल. कळलं ते थेट दहाव्याला, खाडीवर. निशा सगळ्यांसमोर म्हणाली, "तू कशाला आलास? तिनं तुझं नाव घेऊन भिंतीकडं तोंड केलेलं, ते मरेपर्यंत फिरवलं नाय."

त्याने घरी येऊन बापाला विचारलं, "तुमी सांगितलं तिला, मी दिलं म्हणून?"

"मंग काय सांगू? माझी आत्या ती. माझ्यावर कोपली असती."

"आणि माझ्यावर?"

"तू पोर हायस," बाळूशेठ म्हणाला. "पोरांना माफ करतात."

 आबांनी इथे तंबाखू मळली. 

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, दुसऱ्या दिवशी अमावास्या. त्या दिवशी गावात कुणी मासळी करत नाही, बाटली उघडत नाही, लवकर निजानीज होते. गावच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेची जाहिरात द्यायची होती, रिक्षा सकाळी निघणार होती. निकेश वर गेला. एकटाच. स्वतःच्याच आवाजात करायची होती. हेडफोन लावला आणि बोलायला लागला. कोन गावच्या मैदानावर... भव्य टेनिस क्रिकेट...

परत लावून ऐकलं. मैदानावर या शब्दानंतर काहीतरी होतं. बारीक.

पंखा चालू राहिला होता. त्याने बंद केला. पुन्हा बोलला. पुन्हा ऐकलं.

होतं. आता जरा स्पष्ट. पंख्याच्या खाली दबलं होतं ते वर आलं होतं.

ट्यूबलाईट बंद केली. खाली जाऊन फ्रिज बंद केला. वायर बदलली. खिडकीवर आणखी एक गोधडी टाकली, हायवे गेला. कुत्री गेली. एकेक आवाज कमी होत गेला आणि प्रत्येकाच्या खालून तोच मोठा होत आला.

श्वास.

कुणीतरी आत घेतलेला. सोडलेला नाही, नुसता घेतलेला. गाणारा ओळ उचलण्याआधी घेतो तसा.

स्वतःचाच असेल म्हणून त्याने श्वास धरला. तरी आला.

माईक फिरवला. पाठ त्या बाजूला केली. मागचं ऐकू यायला नको होतं... आलं. पुन्हा फिरवला. जिकडे तोंड करावं तिकडे ते समोरच. मग माईक ओठांना लावला, म्हणजे बाकीचं लांब जाईल. श्वासही जवळ आला. तेवढाच जवळ.

शेवटी त्याने नेहमीचा उपाय केला. हलायचं नाही, बोलायचं नाही. रिकाम्या खोलीचा आवाज घेतला. कॉम्प्युटरला सांगितलं, हे सगळीकडून वजा कर.

वजा झालं.

ऐकलं तर जाहिरात नव्हती. मैदान नाही, क्रिकेट नाही. त्याचा स्वतःचा आवाज गेला होता. सगळा. राहिला होता फक्त श्वास. आणि त्याच्यापुढे आता ओळ होती.

मांडव घातला, ये रं...

थांबली.

...निकेश.

आणि मग ती जागा. एक श्वास जाईल एवढी. त्याच्यासाठी ठेवलेली.

त्याने तोंडावर हात दाबला. त्याला सांगायचं होतं, आजी, मी नाय दिला. पण नुसतं आजी म्हटलं तरी ती ओच झाली असती. ओ दिली की आला. एकच गोष्ट सांगायची होती आणि तीच सांगायला तोंड उघडायची सोय नव्हती.

पुन्हा ओळ. पुन्हा नाव. पुन्हा जागा.

तो खाली धावला. बापाला उठवलं.

"बाबा, वर चला. हाक माझ्या नावाची हाय. तुमी बोललात तर ती ओ होत नाय. एकदाच सांगा तिला, कुणी दिला ते. बाकी काय नको."

बाळूशेठ शिव्या देत वर आला. खुर्चीत बसला. निकेशने स्वतःच्या हाताने त्याच्या कानावर हेडफोन चढवला.

शिव्या थांबल्या.

पाहता पाहता माणसाचा चेहरा उतरला. घाम आला. मार्गशीर्षात, मध्यरात्री. त्याने माईककडे बघितलं... पोराकडे बघितलं... जीभ ओठांवरून फिरवली.

"सांगा," निकेश म्हणाला.

"आत्या," बाळूशेठ माईकमध्ये म्हणाला. "मी नाय. पोरानंच दिला."

खोलीत काही हललं नाही.

बाळूशेठने हेडफोन काढला, हळूच टेबलावर ठेवला, पोराकडे न बघता जिना उतरला. खालच्या दाराची कडी लागल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला.

"घाबरला बिचारा," आबा म्हणाले.

"बिचारा?" मी म्हणालो.



निकेश उजाडताना आबांच्या दारात आला तो डोळे तारवटलेले, आवाज मात्र शांत. आबा मिशेरी लावत होते. त्याने सगळं सांगितलं. म्हणूनच आबांना माहीत. मग विचारलं, "आबा, ओ न देता खरं कसं सांगायचं?"

 आबा म्हणाले, देवीला नारळ दे. पेणला मावशीकडे जा, चार दिवस राहा. अमावास्या टळू दे. आमच्या वडीलधाऱ्यांकडे प्रत्येक गोष्टीवर हेच दोन उपाय आहेत, नारळ द्या किंवा गाव सोडा. खरं बोला हा तिसरा कुणाला सुचत नाही.

"पेणला गेलो तर ती मलाच खोटा समजत रायल," निकेश म्हणाला. "मंग जाऊनच सांगायला पाहिजे."

आबांनी बाळूशेठला गाठलं. पोराला आजची रात्र एकटं ठेवू नको म्हणाले. बाळूशेठ म्हणाला, "उपास सोसला नाय त्याला. नाटकं."

शुक्रवार. अमावास्या. निकेश जेवला. आईने वाढलेला भात पुरा खाल्ला, ताट स्वतः उचललं. वर गेला.

सकाळी आई चहा घेऊन गेली. दार उघडंच. पंखा बंद, दिवा बंद. खुर्चीत बसला होता. कानाला हेडफोन, ओठ माईकला टेकलेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. या वयात हल्ली होतं.

कॉम्प्युटर चालू होता. त्यात काही नव्हतं. रेकॉर्डचं बटण त्याने दाबलंच नव्हतं. नंतर कुणी ऐकावं म्हणून तो बसलाच नव्हता.

"तोंडावर कसला तरास नव्हता," आबा म्हणाले. "बोलून झाल्यावर मानूस बसतो ना... तसा."

हृतिकने विचारलं, "मग तिला पटलं का, आबा?"

 मांडवात कुणीतरी ताटल्या गोळा करत होतं, ते थांबलं. हायवेवरून एक कंटेनर गेला. तो पार लांब जाईपर्यंत आबा जमिनीकडे बघत होते.

"दुसऱ्या दिशी मी गेलेलो तिकडं," ते म्हणाले. "बसायला. सुतकाचं घर. चूल नाय, देवाला दिवा नाय. मी सगल्यांच्या आधी गेलो, अंधारातच. दार आतून बंद. बाळूला हाक मारली, त्यानं आतूनच इचारलं कोन. कडी काढली. उंबऱ्याला पाय लावनार तवर त्यानं माझा हात धरला."

"काय होतं?"

"अक्षता."

 लग्नाचं आवतण द्यायला कुणी येतं तेव्हा दारात ठेवतात त्या, हळदीच्या.

"सुतकाच्या घरी हळद कोन आनील? मी बाळूला इचारलं, कुनी ठेवल्या. तो मागं सरला. मी वाकून हात लावला..."

आबांनी अंगठा बोटावर घासला.

"ओल्या होत्या. आनि चिमूटभरच. एका मानसाच्या आवतनाला ठेवतात तेवड्या."